पेन्सिलीतले गुण

सत्तावीस वर्षं मी अकोटच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आहे. या काळात पालकांनी माझ्याकडे गुण वाढवून मागितले, उत्तरपत्रिका परत तपासून मागितल्या, एकाने तर मुलगा नापास झाला तो दिवसच अशुभ होता म्हणून दुसऱ्या दिवशीचा निकाल मागितला. पण २०४३च्या जूनमध्ये माझ्या सोफ्यावर बसून जे मागितलं गेलं, ते नवीनच होतं.

"मॅडम, आमच्या वेदांतचे वाढवू नोका," खताच्या दुकानाचे मालक टापरे म्हणाले. "आपलं तसं काई म्हननं नाई. बाकीच्याईचे तेवढे कमी करा."

"बाकीच्यांचे?"

"दोन-दोन, तीन-तीन. म्हंजे याचे प्रॅक्टिकलचे अठ्ठावीस खरे वाटतीन."

सोबत आंब्याची पेटी होती. पेटी मी परत केली. आंबे चांगले होते, हेही इथेच सांगून टाकते.

टापऱ्यांना वेड लागलं नव्हतं. ते गावात सगळ्यांत आधी 'वेध' समजलेले गृहस्थ होते, एवढंच.

वेध हे वैद्यकीय प्रवेशाचं यंत्र. आधी नुसती प्रवेश परीक्षा होती, तेव्हा क्लासवाल्यांचं फावलं. मग बारावीचे गुण परत धरायला लागले, तेव्हा कॉलेजांनी हात सैल सोडला. शेवटी सरकारने एक साधा प्रश्न यंत्राला घातला: बारावीच्या गुणांवरून पुढचा डॉक्टर ओळखता येतो का? त्यासाठी गेल्या अठरा वर्षांत प्रवेश घेतलेली सगळी मुलं त्याच्या पोटात ओतली. कोणाला कुठे किती गुण होते, पुढे कोण साडेपाच वर्षांत सरळ पास झालं, कोणाचं वर्ष बुडालं, कोण अर्ध्यातून परत आलं, सगळं.

यंत्र म्हणालं, ओळखता येतो, पण गुण कोणत्या कॉलेजचे हे आधी सांगा. एखाद्या कॉलेजात पंचाण्णववाली पुढे सरळ पास होते आणि पंचाहत्तरवाला अडखळतो. तिथल्या गुणांना काही अर्थ आहे. दुसऱ्या कॉलेजात प्रात्यक्षिकात सगळ्यांना तीसपैकी तीस, आणि पुढे त्यांतले निम्मे गटांगळ्या खातात. तिथले गुण काहीच बोलत नाहीत. ज्या काट्यावर बाळ ठेवा, पोतं ठेवा, तीसच भरतं, तो काटा नव्हे, स्टूल. म्हणून यंत्राने प्रत्येक कॉलेजला शून्य ते एकमधला एक विश्वासांक दिला. मुलाचे गुण त्यातून गाळले की निघतो वेधांक: अशा शंभर मुलांतली किती जणं वर्ष न बुडवता डॉक्टर होतील, तो आकडा. यंदा प्रवेशाची रेषा होती बहात्तर.

अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट कबूल केली होती. यंत्र फक्त प्रवेश मिळालेल्यांवरून शिकलं आहे. ज्यांना दारातूनच परत पाठवलं, ते डॉक्टर झाले असते की नाही, हे त्याला माहीत नाही, आणि कळण्याचा मार्गही नाही. ते परिशिष्ट मी वाचलं, मान डोलावली आणि विसरले.

आमचा विश्वासांक आला ०.६१. थोडक्यात, स्टूल.

प्राचार्य भारसाकळे सरांनी मला बोलावून घेतलं. "मोहोड मॅडम, तुमच्याकडे पेन्सिलीची पत्रकं आहेत म्हणे."

"कोण म्हणे?"

"तुम्हीच. स्टाफरूममध्ये. दरवर्षी."

हे खरं होतं. आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत आहे. बाहेरून परीक्षक येतात, पोहे खातात, जेवतात, सही करतात. गुण पेनाने भरायचे ते अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. सत्तावीस दिसले तर त्या मुलाच्या घरी काही वाईट घडलं असावं असं लोक धरून चालतात. पण पेनाच्या आधी मी पेन्सिल चालवते. कच्च्या पत्रकावर, प्रत्येक प्रश्नाचे खरे गुण, समासात शेरा. ती पत्रकं कुणाला दाखवायची नसतात. सगळ्या गावाने पेनाने खोटं लिहावं आणि मी एकटीने पेन्सिलीने खरं, याचं मला सत्तावीस वर्षं गुपचूप समाधान होतं. फार गुपचूपही नव्हतं, हे सरांच्या बोलण्यावरून दिसलंच.

वेधने आता अशी मूळ पत्रकं स्वीकारायचं ठरवलं होतं. मात्र खोडाखोड चालणार नव्हती. खोडरबर फिरला की कागदाचे तंतू उभे राहतात, स्कॅनरला ते नांगरलेल्या वावरासारखे दिसतात. बदल करायचा तर उघड, कारण देऊन.

सरांनी माझी जुनी नऊ वर्षांची पत्रकं आणि यंदाचं पत्रक चाचणीसाठी यंत्रात घातलं. पेन्सिलीचे गुण आणि पुढचे निकाल यांचा मेळ असा काही बसला की विश्वासांक ०.६१ वरून ०.८८ वर गेला. सरांनी चष्मा काढून पुसला. आमची नऊ मुलं रेषेच्या वर जात होती. वेदांत टापरे एकोणऐंशी! मला एवढी धन्यता वाटली की मी खुर्चीत जरा ताठच बसले.

"फक्त एक आहे, मॅडम." सरांनी पडदा माझ्याकडे वळवला. "शर्वरी तुमची कोण?"

"भाची. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण विचारायला पाहिजे ना."

शर्वरी पेनाच्या गुणांवर सहासष्टला होती. पेन्सिलीने ती अठ्ठावन्नावर घसरत होती. पेनात तिला तीस होते, पेन्सिलीत एकोणीस. पत्रकं पाठवायची मुदत होती गुरुवार, संध्याकाळी पाच.

शर्वरी माझ्या धाकट्या बहिणीची, सारिकाची मुलगी. बारावीसाठी दोन वर्षं माझ्याकडेच राहत होती. बातमी कळताच सारिका तेल्हाऱ्याहून पहिल्या गाडीने आली आणि चप्पल काढायच्या आधी सुरू झाली.

"ताई, सख्खी भाची आहे तुझी!"

"पेन्सिलीला भाची कळत नाही."

"पेन्सिलीले नसन कळत. पेन्सिल धरणाऱ्या हाताले तरी कळते की नाही?"

"सारिका, नऊ मुलांचा प्रश्न आहे."

"माझ्या एकीचा आहे. नऊ जणांच्या माया त्यायच्या त्यायच्या घरी बसल्या आहेत, त्या भांडतीन."

शर्वरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. भांडण तिच्यावरून चाललं आहे हे तिच्या गावीही नसावं, अशी शांत. मग म्हणाली, "मावशी, माझे गुण कशात गेले?"

मी पत्रक आणलं. "चौथ्या सूक्ष्मदर्शकावरचे पाचच्या पाच. तिथे कांद्याच्या मुळाची स्लाइड असते, पेशी विभागताना दिसतात, मेटाफेज. तू काय लिहिलंस? 'काही दिसत नाही.' अभ्यास नाही झाला तर नाही झाला, पण हा उर्मटपणा कशाला?"

"पण मले खरंच काही नाही दिसलं."

"बाकीच्या एक्केचाळीस जणांना दिसलं."

"त्याईले पाठ होतं. चौथ्यावर नेहमी मेटाफेजच असते. वरच्या वर्गातली पोरं सांगूनच ठेवतात. आकृतीसकट."

"तुला नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं होतं नं."

"मग लिहायचं होतंस, बाई!"

"प्रश्नात 'काय दिसते ते लिहा' असं होतं," शर्वरी म्हणाली आणि पुढची शेंग मोडली.

सारिकाने कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मीही लावला. अशा पोरी जन्माला घालाव्यात, पण बारावीला बसवू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडताच मी प्रयोगशाळेत गेले, ते तिचं खोटं उघडं पाडायला. स्लाइड लावली. कमी भिंग, मोठं भिंग, परत कमी. गोल पांढरा उजेड, एक धुळीचा कण आणि माझ्याच पापणीची सावली. स्लाइडच्या चिठ्ठीवर खरेदीचं वर्ष होतं २०१९. पेशींना रंग चढवलेला असतो म्हणून त्या दिसतात. आमचं स्लाइडचं कपाट खिडकीपाशी, त्याच्या काचेवर वर्षानुवर्षं दुपारचं ऊन. रंग कधीच उडून गेला होता.

मी त्या स्लाइडमध्ये शेवटचं कधी डोकावले होते? आठवेना. सूक्ष्मदर्शक मांडायचं काम शिपायाचं. मी टेबलाशी बसून नमुना उत्तराशी उत्तरं ताडून पाहायची. मुलं न बघता लिहीत होती, मी न बघता तपासत होते आणि त्याला खरे गुण म्हणत होते. पेन्सिलीने!

मग त्या उत्कृष्ट मेळाचंही कोडं उलगडलं. पुढच्या कॉलेजातही परीक्षक असतात, त्यांच्याकडेही नमुना उत्तर असतं. समोरच्याला काय हवं आहे हे ओळखून लिहिणारं मूल इथे पास होतं, तिथेही होतं. गुणांवरून पुढचे गुण बरोबर ओळखता येतात. त्यात डॉक्टर किती आणि पाठांतर किती, हे यंत्राला कोणी विचारलंच नव्हतं.

मी सत्तावीस वर्षांचे गठ्ठे सोडले. चौथ्या स्लाइडला शून्य मिळालेले चौघं सापडले. शर्वरी पाचवी. २०३१चं पत्रक: गणेश अढाऊ, उत्तर 'काही दिसत नाही', समासात माझा शेरा, 'फाजील'. आणि मला लख्ख आठवलं की त्या वर्षी फाजीलपणाची शिक्षा म्हणून मी त्याला पेनानेही सव्वीसच दिले होते. त्याचा प्रवेश दोन गुणांनी हुकला होता.

गणेश आता बस स्टँडसमोर रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवतो. गावातले सगळे डॉक्टर त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय गोळी लिहीत नाहीत. मी स्लाइड रुमालात गुंडाळून त्याच्याकडे गेले. त्याने ती लावली, सावकाश पूर्ण फिरवून पाहिली, कोपरेसुद्धा.

"काही नाही याच्यात, मॅडम. हे तं माह्या टायमालेबी कोरीच होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो नं. लिहून देलतं." त्याने डोळा भिंगावरून काढला नाही. "तुमी फाजील म्हणल्या."

तो रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. मी म्हटलं, "चूक झाली, गणेश." तो म्हणाला, "बसा, चहा सांगतो." आणि त्याने खरंच सांगितला.

गुरुवारी दुपारी मी प्राचार्यांसमोर यंदाचं पत्रक ठेवलं आणि सांगितलं की एक्केचाळीस जणांचे पाच-पाच कापायचे आणि शर्वरीला पाच द्यायचे. सरांनी पत्रक बोटाने माझ्याकडे परत सरकवलं.

"मॅडम, सगळ्या गावाचे कमी आणि भाचीचे जास्त? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मला पाठ आहे."

"मग एक करू. बोर्डाची रीत आहे, प्रश्न चुकला की सगळ्यांना पूर्ण गुण. सगळ्यांना पाच द्या, शर्वरीलाही. विषय संपला."

मोह झाला, नाही कशाला म्हणू? "पण सर, प्रश्न चुकला नव्हता. काय दिसते ते लिहा, हाच प्रश्न होता. एकीनेच त्याचं उत्तर दिलं. सगळ्यांना पाच दिले की आपण परत स्टुलावर."

"स्टूल परवडलं हो! नऊ प्रवेश आहेत, मॅडम!"

"सही माझी आहे, सर."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे ढकलला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, म्हणजे पुढे चौकशी झाली तर 'मी खिडकीपाशी होतो' असं सांगता यावं.

मी बदल भरले. यंत्राने विचारलं: बदलाचे कारण निवडा. बेरीज चूक, लेखनदोष, इतर. मी इतर निवडलं. कारण चाळीस अक्षरांत लिहा. लिहिलं, 'स्लाइड कोरी होती.' परीक्षकाचे विद्यार्थ्याशी नाते आहे का? आहे. पुरावा जोडा.

मी प्रयोगशाळेत धावत जाऊन भिंगाला फोन लावून फोटो काढला, आणून जोडला. यंत्र क्षणभर फिरलं.

'प्रतिमेत काहीही आढळत नाही. कृपया स्पष्ट प्रतिमा जोडा.'

मी दुसरा काढला. तेच. तिसरा मोठ्या भिंगातून. तेच. काही नसल्याचा याहून स्पष्ट फोटो कसा काढतात, हे मला कोणी शिकवलेलं नाही. साडेचार वाजले होते. मी गणेशला फोन केला.

"फोटो नोका पाठवू," तो म्हणाला. "त्याले रिपोर्ट समजते. दहा मिनिटं द्या."

नवव्या मिनिटाला त्याच्या नोंदणीकृत लॅबचा कागद आला. नमुना: काचपट्टी एक. तपासणी: सूक्ष्मदर्शकाखाली. निष्कर्ष: पेशी आढळल्या नाहीत. खाली शिक्का, सही. यंत्राने चार सेकंदांत स्वीकारला. बारा वर्षांपूर्वी तेच वाक्य त्याने मला लिहून दिलं होतं, फक्त शिक्का नव्हता.

मग यंत्राने नवा हिशोब मांडला. ज्या परीक्षकाने वर्षानुवर्षं कोऱ्या स्लाइडवर गुण दिले, तिच्या बाकीच्या गुणांवर तरी किती भरवसा ठेवायचा, हा त्याचा सवाल, आणि तो बिनतोड होता. विश्वासांक ०.८८ वरून ०.७४ वर आला. नऊ जणांपैकी चौघंच रेषेच्या वर राहिले. वेदांत सत्तर. शर्वरी अठ्ठावन्नावरून वर चढली आणि थांबली, एकाहत्तर पूर्णांक सहावर.

रेषा बहात्तर.

शंभर शर्वरी घेतल्या तर एकाहत्तर पूर्णांक सहा डॉक्टर झाल्या असत्या. आमची त्यांतली होती की उरलेल्यांतली, हे आता कोणालाच कळणार नाही. यंत्राला तर नाहीच. ते परत पाठवलेल्यांकडे बघत नाही, ते परिशिष्टात लिहिलेलं आहे.

सारिका चार महिने माझ्याशी बोलली नाही. दिवाळीला बोलली, ते "चकलीत ओवा जास्त झाला" एवढंच. टापऱ्यांनी वेदांतला कुठल्याशा दूरच्या राज्यात पाठवलं. रस्त्यात दिसले तर हात जोडतात, पण ते नमस्कारासाठी की 'तुम्हाला कोपरापासून' म्हणून, ते सांगत नाहीत. भारसाकळे सरांनी स्लाइडचं कपाट सावलीत हलवलं. एवढं एक काम पक्कं झालं.

दिवाळीनंतर एकदा मी शर्वरीला विचारलं, "तू तेव्हा मेटाफेज लिहून टाकायला हवं होतंस, असं वाटतं का?"

"वाटते नं," ती म्हणाली. "रोज सकाळी वाटते. अकरापर्यंत जाते."

ते वाटणं अकराला ओसरायचं, कारण तोवर ती गणेशच्या लॅबमध्ये कामाला लागलेली असायची. दुपारनंतर परत प्रवेश परीक्षेचा अभ्यास. गणेश म्हणायचा, पोरगी एकदा भिंगाला डोळा लावला की जेवण विसरते.

फेब्रुवारीत पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षा आली. या वेळची चौथी स्लाइड शर्वरीने केली. कांदा खिडकीत पाण्याच्या ग्लासावर ठेवला, पांढरी मुळं फुटल्यावर टोकं कापली, लाल रंगात शिजवली, काचेखाली ठेवून अंगठ्याने दाबली आणि कडांना आपलं नेलपॉलिश लावलं. परीक्षेच्या सकाळी मी स्वतः डोळा लावून पाहिलं. मधोमध गुणसूत्रं, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी एका ओळीत. सत्तावीस वर्षांत इतकी देखणी स्लाइड आमच्या प्रयोगशाळेत लागली नव्हती. शिपायाला मी त्या सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकू दिलं नाही.

परीक्षा सुरू झाली. एकेक जण चौथ्यापाशी यायचा, भिंगाला डोळा टेकवल्यासारखा करायचा, लिहून पुढे. अर्ध्या तासाने एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, मले तं दिसून राहिलं."

"काय दिसतंय?"

"गुणसूत्रं. मधात, रांगेत."

"मग तेच लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला खड्ड्यात उतरायला सांगते आहे. "पण क्लासचे सर म्हणे, चौथ्यावर काही दिसत नसते. मागच्या वर्षी तेच बरोबर धरलं म्हणे."

"बाई गं, तुला दिसतंय ना? लिही!"

चार वाजता मी उत्तरपत्रिका गोळा केल्या. एकोणचाळीस मुलं. अडतीस उत्तरं: काही दिसत नाही. बहुतेकांनी आकृतीही काढली होती. कंपासने आखलेलं स्वच्छ, रिकामं वर्तुळ, त्याला बाण, बाणाला नाव, 'दृष्टिक्षेत्र'. एकोणचाळिसाव्या पानावर 'मेटाफेज दिसते' असं लिहून त्यावर काट मारली होती. खाली, जास्त वळणदार अक्षरात: काही दिसत नाही.

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि एकोणचाळीस शून्यं भरली.

घरी आले तर शर्वरी दारातच उभी.

"मावशी, माझी स्लाइड कशी होती?"

"स्वच्छ," मी म्हटलं. "कोणालाही दिसली नाही."